जीवदयेचं दान आणि पांजरपोळाचा जमाखर्च



दशलक्षणातला आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवशी मंदिरात दानाचे आकडे बोलले जातात, आणि दरवर्षी आमच्या महिला मंडळात एकच प्रश्न निघतो, जीवदयेचे पैसे यंदा द्यायचे कुणाला? आमच्या सासूबाईंच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. पांजरपोळाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात यायचा, त्याला चहा मिळायचा आणि वर दान मिळायचं. आता रोज मोबाईलवर फोटो येतात. पाय मोडलेलं कुत्रं, हाडं दिसणारी गाय, खाली क्यूआर कोड. फोटो बघून डोळ्यांत पाणी येतं ते खरं, पण डोळ्यांतलं पाणी म्हणजे हिशेब नव्हे.

आदल्या दिवशी, सातव्या दिवशी, आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो. दानाचं फळ कशावर ठरतं ते त्याच अध्यायाच्या शेवटी आहे: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. म्हणजे पात्र बघणं हे कंजूषपणाचं लक्षण नाही, ते शास्त्रातच आहे. त्याच अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. लहानपणी पाठशाळेत आपण ते घडाघडा म्हणायचो, आणि ते बैलाला मारणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिलेत असं वाटायचं. मला आता वाटतं, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत शिरताना हीच पाच वाक्यं हातात धरावीत. आखूड दाव्याला दिवसभर बांधलेली गाय गोशाळेत असली म्हणून तो बंध व्हायचा राहत नाही. चारा शंभर जनावरांचा आणि दावणीला दोनशे, तर ते अन्नपाननिरोधच.

पण आधी थोडा इतिहास. तो कळला की कोणती संस्था कशासाठी जन्माला आली ते कळतं, आणि निवड सोपी नाही तरी डोळस होते.

आपल्याकडची आठवण नेमिनाथांपासून सुरू होते. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून ते मांडवातून माघारी फिरले आणि गिरनारला गेले. त्याच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं कोरलेलं आहे. यात्रेला जाणाऱ्या आपल्या बायका डोलीचा भाव ठरवण्याच्या गडबडीत तो खडक न बघताच पुढे जातात. पुढच्या वेळी थांबा.

त्यानंतर मला सर्वांत आवडणारी नोंद एका इटालियन प्रवाशाची आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ साली खंबायतला आला होता. खंबायत तेव्हा जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचं मोठं बंदर. तिथे त्याने पक्ष्यांचं रुग्णालय पाहिलं. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तिथे ठेवलेले होते आणि सगळा खर्च लोकांच्या दानातून चालत होता. तिथेच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, नाकावर चष्मा, आई नसलेली उंदराची पिल्लं कापसात ठेवून त्यांना पिसाने दूध पाजत बसला होता. मोठी झाली की सोडून देणार, असं त्याने पाहुण्याला सांगितलं. बरे झालेले रानपक्षीही तिथे सोडून देत, आणि पाळीव पक्षी असेल तर तो एखाद्या श्रद्धाळू माणसाच्या घरी देत. पुढे दुसऱ्या एका जागी शेळ्या-मेंढ्यांसोबत एक माणूसही त्याला दिसला. चोरीच्या शिक्षेत दोन्ही हात तोडलेला. तो धर्माने मुसलमान, पण उपाशी मरू नये म्हणून या लोकांनी त्याला आसरा दिला होता.

चारशे वर्षांपूर्वीच्या या एका चित्रात मला सगळं मिळतं. काम करणारं माणूस आहे, त्याला कामाची पद्धत ठाऊक आहे, आणि जीव बरा झाल्यावर त्याचं पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे. दिल्लीत चांदणी चौकात लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर लाल मंदिरात पक्ष्यांचा धर्मादाय दवाखाना आहे, तिथे आजही हाच रिवाज आहे. बरा झालेला पक्षी पिंजऱ्यात परत जात नाही, आकाशात जातो. मांसाहारी पक्ष्यांना तिथे दाखल करून घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर उपचार करून पाठवतात. यावर हसणारे हसोत, निदान त्यांचा नियम स्पष्ट आहे आणि लपवलेला नाही.

सुरतेच्या जुन्या प्राणिरुग्णालयाबद्दलही परदेशी प्रवाशांनी लिहिलं आहे. ढेकणांना रक्त मिळावं म्हणून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत, अशी गोष्ट त्यात येते. खरं असेल तर मला त्यात धर्म दिसत नाही. ढेकणाची दया करताना त्या गरिबाची कुणी केली?

आता मुंबई. "हे काय पांजरपोळ आहे का?" असं आपण निरुपयोगी माणसांनी भरलेल्या कचेरीबद्दल कुत्सितपणे म्हणतो. पण मुंबईच्या पांजरपोळाचा जन्म दंगलीतून झालेला आहे. इंग्रज सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम काढलेला होता. १८३२ साली मुदत वाढवली, आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. पैसे मिळतात म्हटल्यावर काय होणार? लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही पकडून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. ६ जूनला पारशी लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि फोर्टातल्या गोऱ्या सैन्याचं पाव-पाणी अडलं. जैन, हिंदू आणि मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. धरपकड झाली, सैन्य आलं. पण शेवटी सरकार नमलं, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवायचं ठरलं.

हे वाचताना मला २०२५ चा जुलै आठवला. नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला वनताराकडे गेली तेव्हा आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या घराघरांतून लोकांनी मोबाईलची सिमं बदलली. तोही बंदच, नव्या काळातला. त्या वादात मी इथे पडत नाही, आपल्या मंडळातच त्यावर दोन तट आहेत. एवढंच म्हणते, की गर्दीचं प्रेम खरं असतं, पण गर्दी आठ दिवसांनी घरी जाते. जनावराचे पाय त्यानंतरही रोज कुणीतरी बघावे लागतात.

मुंबईच्या शेठ लोकांना हे कळत होतं. दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. तो आजही भुलेश्वर-सी. पी. टँकच्या गर्दीत आहे. मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद, भायखळ्याच्या देरासराचे आणि पालिताण्याच्या मोतीशा टुंकेचे. आपण दिगंबर, ते श्वेतांबर, पण भायखळ्याला गेलेली प्रत्येक जण ते नाव वाचून आलेली असते. पांजरपोळात नुसती गाय नव्हती. कुत्री होती, म्हातारे घोडे, बैल, शेळ्या, पक्षी, जे येईल ते. गोशाळा आणि पांजरपोळ यांत हाच मूळ फरक आहे. गोशाळा गाईची, पांजरपोळ कुणाचाही. आता दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि पाटी पांजरपोळाची असली तरी आत बहुतेक ठिकाणी फक्त गायीच दिसतात.

माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या बाईला सगळ्यांत भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी केलेली पैशाची सोय. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवला, कापसावर इतका, अफूवर इतका. म्हणजे दान मनाच्या लहरीवर ठेवलं नाही. बाजार चालतोय तोवर जनावराला चारा मिळतोय. फोटो पाठवायची गरज नाही. नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा गावांतही पुढे पांजरपोळ झाले, आणि बाजारपेठेतल्या वर्गणीवरच ते तगले.

पण अफू हा शब्द घशात अडकतो. जमशेटजी आणि मोतीशा दोघांचाही चीनशी अफूचा मोठा व्यापार होता. तिकडे किती घरं त्या अफूने बसली असतील! इकडे त्याच पैशातून कुत्री, घोडे, गायी जगल्या. मी यावर खूप विचार केला. जमशेटजींचं रुग्णालय, मोतीशांची मंदिरं, सगळं त्यातच येतं. त्या जनावरांना तर तो चारा कुठून आला हे कधी कळणारच नव्हतं. तरीही द्रव्यशुद्धी हा शब्द आपल्याकडे उगीच नाही. आज कुणी कत्तलखान्याला यंत्रं विकणारा आपल्या गोशाळेच्या कमानीवर नाव लावायला आला तर विश्वस्तांनी नाही म्हणावं असंच मला वाटतं.

यानंतर एक दुसरी धारा आली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धची संस्था निघाली, इंग्लंडच्या धर्तीवर. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी सकरबाईंच्या नावाने परळला प्राण्यांचं रुग्णालय दिलं, आणि १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. हे लोक बैलगाडीवाल्याला दंड करत, जखमेवर टाके घालत, जनावर बरं करून परत पाठवत. आणि असाध्य दुखण्यात त्याचा जीव शांतपणे घेत. पांजरपोळ याच्या उलट. तिथे उपचार कमी पडतील, पण शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळ. १९६० च्या कायद्यातही यातनेत पडलेल्या जनावराला मरण द्यायची तरतूद आहे. (त्या कायद्यासाठी राज्यसभेत झटली ती एक बाई, भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षही त्याच.)

हा खरा पेच आहे, आणि देणगी देताना आपण तो टाळतो. ज्या संस्थेत दयामृत्यूचं इंजेक्शन देतात तिथे आपले पैसे जावेत का? "सल्लेखना आपल्यात आहेच की," असं एकीने मला म्हटलं. नाही. सल्लेखना ज्याची त्याने, शुद्धीत, व्रत म्हणून घ्यायची असते. जनावर ते घेऊ शकत नाही, दुसऱ्याने त्याच्यावतीने घ्यायचं ते व्रत नव्हे. पण म्हणून किडे पडलेल्या जखमेने ओरडणाऱ्या बैलाला वेदनाशामकही न देता "त्याचं कर्म" म्हणून बसणं हीसुद्धा दया नाही. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे, की जिथे डॉक्टर नेमाने येतो आणि दुखणं कमी करायचं औषध कपाटात असतं, असा पांजरपोळ बघायचा.

औषधावरून गिधाडं आठवली. नव्वदच्या दशकापासून आपल्या देशातली गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये उघड झालं. जनावरांना देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, त्यानंतर त्याच जातीची आणखी काही औषधंही. एका जिवावरची दया दुसऱ्या जिवाचा घात कशी करते याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नसेल. म्हणून मी आता फोनवर विचारते, "दुखण्यावर काय देता? मेलॉक्सिकॅम देता ना?" ते गिधाडांना चालतं. समोरचा पहिल्यांदा गडबडतो, पण ज्याच्याकडे खरंच डॉक्टर येतो तो लगेच उत्तर देतो.

कुत्र्यांचा प्रश्न १८३२ ला सुटला नाही. १९२६ मध्ये अहमदाबादला अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातली साठेक कुत्री मारवली. साराभाई घराणं जैन, त्यामुळे गहजब झाला. लोक गांधीजींकडे गेले, आणि गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली! यंग इंडियात त्यांनी त्यावर लेखांची मालिकाच लिहिली. मारणं त्यांनी पुण्य म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की कुत्रं बेवारस फिरतं हाच समाजाचा दोष, आणि रस्त्यात भाकरीचा तुकडा टाकून आपण जबाबदारीतून सुटतो. पाळायचं तर नीट पाळा. मला त्यांचा निर्णय पटत नाही, पण तुकड्याबद्दलचं म्हणणं टोचतं. आज निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हा मार्ग आहे, २००१ पासून तसे नियमही आहेत. गांधीजींच्या वेळी तो असता तर वाद इतका चिघळला नसता. काही जणींना त्यातही छेदाचा अतिचार दिसतो. मला तो दिसत नाही. भूल देऊन, टाके घालून, बरी करून त्याच गल्लीत सोडलेली कुत्री मी पाहिली आहे, आणि पावसात गटाराकाठी मेलेली आठ पिल्लंही पाहिली आहेत.

आता हिशेबाचं. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तेव्हा ताळेबंद मागण्यात संकोच नको. पण नुसता ताळेबंद मागू नका, जनावरांची आवक-जावक मागा. वर्षाच्या सुरुवातीला किती, आली किती, जन्मली किती, मेली किती, दिली किती, शेवटी किती. दुकानाच्या मालाचा हिशेब असतो तसाच. "दिली" या रकान्यात मोठा आकडा असेल तर कुणाला दिली ते विचारा. "जन्मली" मोठा असेल तर तिथे दूधधंदा चालतो, आणि खोंडांचं काय होतं ते विचारा. मग वैरण. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला सुकं धरून साडेसात किलोच्या आसपास खाणं लागतं. दोनशे जनावरांना दिवसाला दीड टन, वर्षाला साडेपाचशे टनांच्या घरात. वैरणीची बिलं आणि स्वतःच्या रानातला चारा मिळून आकडा याच्या निम्म्यावरही येत नसेल, तर एकतर जनावरं कागदावर आहेत किंवा उपाशी आहेत.

यंदा आमच्यापुढे तीन नावं होती. एक शहराजवळची मोठी गोशाळा, कमान संगमरवरी, आवक-जावक मागितल्यावर "ताई, विश्वास ठेवा" एवढंच उत्तर. दुसरा आडगावचा जुना पांजरपोळ. वही फाटकी, पण प्रत्येक जनावराची ओळ त्यात होती, मेल्याचं कारणही. तिसरी, कुत्र्यांवर काम करणारी तरुण मुलं.

आणखी एक गोष्ट आम्ही धरली. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईसाठी दिवसाला पन्नास रुपयांचं अनुदान ठरवलं. चांगलं झालं. पण संकरित गाय, म्हैस, रेडा, शेळी, घोडा यांना ते नाही. आडगावच्या त्या पांजरपोळात अशीच जनावरं जास्त होती, भाकड जर्सी आणि काही म्हशी, शिवाय एक आंधळा घोडा. जिथे सरकारचा हात पोचत नाही तिथे आपला पोचावा, यावर बहुतेकींचं एकमत झालं.

जमले होते एक लाख दहा हजार. ऐंशी हजार पांजरपोळाला, तेही चैत्र-वैशाखातल्या कडब्यासाठी, कारण तेव्हा वैरण महाग आणि देणगीदार थंड. पैसे धनादेशाने, आणि कडबेवाल्याचं बिल पांजरपोळाच्या नावाने आम्हाला दाखवायचं. (दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.) उरलेले तीस हजार कुत्र्यांच्या लशीला आणि निर्बीजीकरणाला.

या तीस हजारांना एका वयस्कर काकूंचा शेवटपर्यंत विरोध होता. "माझे पैसे सुरीला नकोत," त्या म्हणाल्या. त्यांना समजवायचा आम्ही प्रयत्न केला नाही. त्यांचे अकराशे रुपये वहीत वेगळे दाखवले आणि वैरणीच्या पावतीत घातले.